बरू आहे, कागद आहे, पोथी कुठे?

१६०८ मध्ये, आजच्या जालना जिल्ह्यातल्या जांब गावी समर्थ रामदासांचा जन्म झाला. मराठी पोथीलेखनाचा आढावा घेताना जांबेला वळसा घालता येत नाही, कारण दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास समर्थांनी लेखनक्रियेला वाहिला आहे.

समास आहे तो कारागिराचा. अक्षर वाटोळे, मोकळे हवे आणि शाई दाट. ग्रंथाच्या आरंभीचे वळण शेवटपर्यंत टिकावे, जणू सारे एकाच टाकाने उतरले. भोवती कोरी जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी मजकूर शाबूत राहतो. तरुणपणी हौसेने लिहिलेले बारीक अक्षर म्हातारपणी वाचवत नाही, म्हणून आकार मध्यम ठेवावा. मग देशोदेशीचे बरू, चाकू, कातरी, खळ, हिंगूळ अशी सामग्रीची यादीच येते.

हाच व्याप आयर्लंडच्या मठांनी वेगळ्या अंगाने केला. ‘बुक ऑफ केल्स’ हा इसवी सन ८००च्या सुमाराचा ग्रंथ आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. वासराच्या कातड्याची ३४० पाने त्यात उरली आहेत. एकेका आद्याक्षराने अख्खे पान व्यापावे, त्यात पशुपक्षी गुंफावेत, अशी त्याची श्रीमंती. मजकुरात मात्र चुका पुष्कळ. एका पानाचा मजकूर दोनदा लिहिला गेला आणि लाल फुल्या मारून रद्द झाला. केल्सच्या चित्रकाराने सोन्याची झाक आणायला हरताळ वापरला. आपला लेखनिक तोच हरताळ चुकलेल्या अक्षरावर फासून वर शुद्ध अक्षर काढी.

मराठी पोथीचे बळ शुद्ध मजकुराच्या या आग्रहात आहे आणि मर्यादाही. तिच्यात रंग येतो तो बहुधा दंड, ओव्यांचे अंक, समाप्ती आणि समासाच्या रेघा यांपुरता. सचित्र पोथ्या झाल्या, पण प्रामुख्याने श्रीमंत आश्रयदात्यांसाठी. पैठणी चित्रांत रामायण-महाभारतातले वीर जोमाने उतरले, मात्र ते कथेकऱ्याच्या हातातल्या सुट्या पानांवर. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती पाहायला मिळतात. चित्र आणि अक्षर एकाच पानावर क्वचितच नांदले.

पुढे शिळाछाप आला. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत पंचांग छापले आणि लेखनिकाची गरज हळूहळू सरली.

आज काय उरले आहे? दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात अजून हातकागद बनतो. अच्युत पालवांसारख्या सुलेखनकारांनी देवनागरी आणि मोडीला चित्राची प्रतिष्ठा मिळवून दिली. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिराने समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते जपली आहेत. २००३ पासून राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने देशभर हस्तलिखितांच्या नोंदी आणि डिजिटल प्रतींचे काम केले. पण डिजिटल प्रत मजकूर वाचवते. कागद घोटण्याची, शाई खलण्याची, चारशे पाने एका वळणात लिहिण्याची विद्या वाचवत नाही. आजचे सुलेखनही बव्हंशी भिंतीवरच्या एका चौकटीपुरते आहे. तिथे अक्षर डोळ्यांत भरते, वाचले जातेच असे नाही; समर्थांची कसोटी मात्र म्हातारा वाचक हीच होती.

कागजीपुऱ्याचा कागद आणि आजचा सुलेखनकार यांना जांबेत एकत्र बसवून, लेखनक्रियेचा समास त्याच्याच नियमांनी लिहिलेली एक तरी पोथी जालनेकरांनी सिद्ध करावी.