गोधडीची शिवण खरंच कच्ची होती का?

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी शिकायची ठरवली असेल तर एक पेपर तुमच्यासमोर येणारच. जानेवारी २०११ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला, कॉर्नेल विद्यापीठातला, ग्राफीनच्या ग्रेन बाउंड्रीवरचा. पहिलं नाव पिनशेन हुआंग यांचं. या पेपराच्या शीर्षकातच ग्राफीनला ठिगळांच्या गोधडीची उपमा आहे. आपल्याला गोधडी काय असते हे वेगळं सांगायला नको, म्हणून त्याच भाषेत बोलू.

तांब्याच्या पत्र्यावर वाफेतून ग्राफीन वाढवतात तेव्हा ते एकसंध कापड नसतं. अनेक ठिकाणी छोटे स्फटिक सुरू होतात, प्रत्येकाची दिशा वेगळी, आणि ते पसरत पसरत एकमेकांना भिडतात. हे झाले ठिगळाचे तुकडे, म्हणजे ग्रेन. जिथे दोन तुकडे जुळतात ती शिवण, म्हणजे ग्रेन बाउंड्री.

हा पेपर मला आवडतो तो अणूंच्या फोटोसाठी नाही, तर त्यातल्या दोन पायऱ्यांसाठी. पहिली पायरी अणूंची. इथे स्टेममध्ये ६० किलोव्होल्टचा इलेक्ट्रॉन झोत वापरला आहे. इतका कमी का? कारण साधारण ८० ते ९० च्या पुढे इलेक्ट्रॉन ग्राफीनमधला कार्बन अणू जागेवरून उडवू लागतो. मग आपण बघतोय ती शिवण मूळची, की आपणच उसवलेली, हे कळणार नाही. या चित्रांत शिवणीवर षटकोनांऐवजी पंचकोन आणि सप्तकोनांच्या जोड्या ओळीने स्पष्ट दिसतात.

आता हिशेब करा. एका चौरस मायक्रॉन ग्राफीनमध्ये जवळपास ४ कोटी अणू असतात. अणू मोजत पूर्ण गोधडी कधी बघणार? म्हणून दुसरी पायरी, डार्क-फील्ड टीईएम. प्रत्येक ग्रेनची दिशा वेगळी, त्यामुळे विवर्तनात त्याचे ठिपकेही वेगळ्या जागी येतात. छिद्र लावून एकच ठिपका निवडला की त्या दिशेचे ग्रेन तेवढे उजळतात. असे फोटो रंगवून एकावर एक ठेवले की नकाशा तयार. या पद्धतीने त्यांनी शेकडो ग्रेनची जागा, दिशा आणि आकार झटपट नोंदवले. त्याआधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच नोंदी होत्या. एक सुंदर फोटो टाकून "सगळीकडे असंच आहे" म्हणणाऱ्या पेपरांपेक्षा हा इथेच वरचढ ठरतो.

इथपर्यंत टीकेला जागा नाही. ती पुढच्या वाक्यात आहे. सारांशात म्हटलंय की ग्रेन बाउंड्रीमुळे पडद्याची यांत्रिक ताकद खूप कमी होते, विद्युत गुणधर्मांवर मात्र तितका परिणाम होत नाही. ताकदीसाठी एएफएमच्या टोकाने अधांतरी पडदा दाबून बघितला, आणि तो शिवणीवर फाटला. वाचणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी आपोआप जुळतात: शिवणीत पंचकोन-सप्तकोन दिसले, म्हणजे तिथे दोष आहे, म्हणजे तिथे कमजोरी असणारच.

पण २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या जेम्स होन यांच्या गटाने वेगळं दाखवलं. ग्राफीन तांब्यावरून सोडवताना वापरलेलं रसायन आणि नंतर हवेत तापवणं, यांनी शिवणीचं नुकसान होतं. ही इजा टाळली, तर थेट शिवणीवर दाबूनही तिची ताकद जवळपास निर्दोष ग्राफीनइतकी भरते. आणि गंमत बघा, आरेंड व्हॅन डर झांडे हे संशोधक दोन्ही पेपरांचे सहलेखक आहेत. म्हणजे हे भांडण नव्हे, कामच पुढे सरकलं.

मग २०११ चा पेपर चुकला का? चित्रं आजही बरोबर आहेत. तो पडदा फाटला हेही खरं. फक्त दोष शिवणीचा की धुण्याचा, हे त्या मोजमापातून वेगळं करता येत नव्हतं, आणि सारांशाने मात्र निकाल शिवणीच्या नावावर लिहिला. "या पद्धतीने सोडवलेले पडदे शिवणीवर फाटतात" एवढंच लिहिलं असतं तर वाक्य कमी आकर्षक झालं असतं, पण टिकलं असतं. स्टेमचा फोटो अणू कुठे बसलेत ते सांगतो. ताण आल्यावर बंध किती धरतील, हे सांगत नाही. शिवाय असे फोटो घ्यायला स्वच्छ तुकडा शोधावा लागतो, म्हणजे नमुन्यावर झालेले बरेच अत्याचार चौकटीबाहेरच राहतात.

तेव्हा तुम्ही हा पेपर वाचाल तेव्हा वहीत तीन रकाने करा: काय दिसलं, काय मोजलं, काय अनुमान काढलं. आणि फोटोंकडे जाण्याआधी नमुना कसा तयार केला तो भाग वाचा. बहुतेक जण तो सगळ्यात शेवटी वाचतात किंवा वाचतच नाहीत. ट्विस्टेड बायलेयर असो की दुसरं कुठलं क्वांटम मटेरियल, नमुना ग्रिडवर पोचेपर्यंत त्याला काय काय सोसावं लागलं ते तिथेच लिहिलेलं असतं.