‘उंच माझा झोका’ पुन्हा बघताना

तत्त्वज्ञानाचा माणूस मालिकेवर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. पण प्रेम म्हणजे काय, हा प्रश्न आमच्याकडे प्लेटोपासून चालत आलेला आहे. तेव्हा बोलू या.

‘उंच माझा झोका’ ही मालिका 2012 मध्ये झी मराठीवर सुरू झाली. विषय, रमाबाई आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. त्यातला छोट्या रमेचा भाग माझा विशेष आवडता. तेजश्री वालावलकरने ती रमा फार गोड उभी केली आहे. हल्ली तो भाग मी पुन्हा बघतोय.

पहिल्यांदा बघताना आपण विचारतो, या दोघांचं सूत कधी जुळणार? दुसऱ्यांदा बघताना शेवट माहीत असतो. मग प्रश्न बदलतो. या मुलीला ‘नाही’ म्हणता आलं असतं का?

आता बघा, लग्न झालं 1873 मध्ये. ती अकरा वर्षांची, ते एकतिशीचे. पहिली पत्नी नुकतीच वारलेली. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, पण वडिलांच्या आग्रहापुढे नमले. याच्या चारच वर्षं आधी, 1869 मध्ये, मिलचं स्त्रियांच्या पराधीनतेवरचं पुस्तक आलं होतं. मिलचा युक्तिवाद साधा आहे. जिला नकाराची मोकळीक नाही, तिच्या होकारावरून तिचं मन ओळखता येत नाही.

मालिका माधवरावांची घालमेल दाखवते, हे मान्य. पण पुढे सगळा काच घरातल्या बायकांच्या माथी जातो. त्यांचा विरोध खराच होता. रमाबाईंनीच तो लिहून ठेवलाय. पण विरोध करणारी नणंद दुर्गा स्वतः विधवा होती. सुधारक भावाच्या घरात जिच्या वाट्याला वैधव्यच आलं, तिनं भावजयीच्या इंग्रजी शिकण्याकडे कोणत्या डोळ्यांनी बघावं? दैनंदिन मालिकेला खाष्ट बाई लागते. आणि मग नायकाला जाब विचारायचा राहून जातो.

म्हणजे मालिका खोटी का? नाही. उलट, अक्षरं शिकण्याचे प्रसंग मला आता जास्त भिडतात. फक्त तिथे मला प्रणय दिसत नाही, कृतज्ञता दिसते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कृतज्ञतेत एक जण वर असतो. प्रेमाला समोर दुसरं माणूस लागतं, स्वतःचं मत असलेलं.

रमाबाईंचं आठवणींचं पुस्तक 1910 चं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून त्या रानड्यांचा उल्लेख ‘स्वतः’ असा करतात. 1938 मध्ये इंग्रजी रूपांतर झालं, त्याचंही नाव ‘हिमसेल्फ’. विचार करा, बाई आत्मचरित्र लिहितेय आणि त्यातला ‘स्वतः’ म्हणजे नवरा! पण पुस्तकाचं नाव काय? ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. ‘त्यांच्या’ नाही, ‘आमच्या’. तोवर रानडे जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि पुण्यात सेवासदन उभं राहिलं होतं.

‘स्वतः’पासून ‘आमच्या’पर्यंतचं हे अंतर रमाबाईंनी चालून काढलं. माझ्या मते खरी प्रेमकथा ती आहे. मालिका ती पहिल्याच वर्षात उरकू बघते, एवढीच माझी तक्रार.

तुम्हीही पुन्हा बघा. या वेळी दुर्गेकडे जरा जास्त लक्ष द्या.

आता प्रश्न घेऊ.