शेरा आणि सिद्धान्त : हेरकथा, प्रेमकथा आणि मराठी कादंबरीकार

कादंबरीकार विचारपूर्वक लिहिलेल्या लेखात कादंबरीविषयी जे मांडतो, त्याची दखल समीक्षा घेते. व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत, मुलाखतीत किंवा दिवाळी अंकाच्या परिसंवादात तो जे सहज बोलून जातो, ते मात्र गमतीचे म्हणून सोडून दिले जाते. हल्लीचे हेरपट कसे वाटतात, प्रेमकथांच्या कादंबऱ्या तुम्ही वाचता का, असे प्रश्न त्याला हटकून विचारले जातात आणि उत्तरही एखाद्या वाक्यातच उरकलेले असते : प्रवासात ठीक, कॉलेजच्या वयात ठीक, साहित्य म्हणून नव्हे. हे सिद्धान्त नव्हेत, शेरे आहेत. पण लेखात सावध असलेला लेखक शेरा मारताना सावध नसतो, आणि म्हणूनच त्याच्या वाङ्मयीन भूमिकेतील अडचणीच्या जागा तिथे उघड्या पडतात. रहस्य आणि प्रणय यांविषयी मराठी कादंबरीकार जो तुच्छतेचा सूर लावतो, तो परक्या मुलखाविषयीचा नाही. स्वतःच्या घराण्याविषयीचा आहे, हा प्रस्तुत लेखाचा मुद्दा.

घराणे हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. मराठी वास्तववादी कादंबरीचे जनकत्व ज्यांच्याकडे निर्विवादपणे जाते, त्या हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) रेनॉल्ड्सच्या लंडनविषयक रहस्यकादंबरीच्या आधाराने उभी राहिली. रेनॉल्ड्स हा त्या काळचा बाजारी लेखक. इंग्रज अभिरुचीने त्याला कधी उंबरा ओलांडू दिला नाही, आणि आपल्या इंग्रजी शिकलेल्या पिढीने तो रात्र रात्र जागून वाचला. पुढे ना. सी. फडके यांची पहिली कादंबरी ‘अल्ला हो अकबर’ (१९१७) निघाली ती मेरी कोरेलीच्या ‘टेम्पोरल पॉवर’वरून. कोरेली तर प्रणयरम्य कादंबरीची सम्राज्ञीच. म्हणजे मराठी कादंबरीच्या दोन मोठ्या वळणांवर जी दोन इंग्रजी पुस्तके दिसतात, ती दोन्ही आजच्या कादंबरीकाराने शेरा मारून बाजूला सारावीत अशी आहेत. आपट्यांनी ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ लिहून ते ऋण पार मागे टाकले, हे खरे. मागे टाकण्यासाठी ते आधी घ्यावे लागले, हेही तितकेच खरे.

फडक्यांचे प्रकरण अधिक बोलके आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने ‘प्रतिभासाधन’ (१९३१) मध्ये कथानकाची बांधणी, गुंतागुंत, उत्कंठा आणि तिची उकल यांचे तंत्र शिकता येते असे ठामपणे सांगितले. त्या तंत्राचा शांतपणे विचार केला तर ते मुळात रहस्यकथेचे तंत्र असल्याचे ध्यानात येते. वाचकापासून काय लपवायचे, किती काळ लपवायचे आणि कोणत्या क्षणी उघड करायचे, हा त्याचा गाभा. फडक्यांनी तो प्रेमिकांच्या दिवाणखान्यात आणला, इतकेच. त्याच सुमारास बाबुराव अर्नाळकर तेच तंत्र झुंजार आणि काळा पहाड यांच्या कथांत राबवीत होते. त्यांच्या रहस्यकथांची संख्या पुढे हजाराच्या वर गेली. एकाला साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले (रत्नागिरी, १९४०). दुसरा फिरत्या वाचनालयांच्या फळीवरच राहिला. दोघांच्या भाषेत आणि वाचकवर्गात अंतर आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु तंत्राच्या पातळीवर ते सख्खे शेजारी आहेत, ही गोष्ट फडक्यांवर लिहिणाऱ्या समीक्षकांनी क्वचितच बोलून दाखवली.

भालचंद्र नेमाडे यांनी या गोतावळ्याला नावे दिली, हे त्यांचे मोठे कार्य. ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) या तीन कादंबऱ्यांवरून त्यांनी मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती सांगितल्या. वास्तवाला भिडणारी पहिली, रंजनात रमणारी दुसरी, इतिहासाच्या आडोशाला जाणारी तिसरी. ही मांडणी विचारान्ती केलेली आहे, तिला शेरा म्हणता येणार नाही. चर्चासत्रांच्या वर्तुळात मात्र तिचा शेरा झाला. अमुक कादंबरी मुक्तामाला प्रवृत्तीची, एवढे म्हटले की विद्यार्थी पुस्तक मिटून ठेवायला मोकळा. संकटात सापडलेली सुशील नायिका, खलपुरुषाची कारस्थाने आणि अखेरचे पुनर्मीलन हा साचा सव्वाशे वर्षे आणि त्याहून अधिक काळ का टिकला, कोणाला टिकवावासा वाटला, हा प्रश्न वर्गीकरणाने सुटत नाही, तो फक्त त्याच्या जागी नीट मांडला जातो. वि. का. राजवाडे यांनी १९०२ साली ‘कादंबरी’ हा निबंध लिहिला, तेव्हा अद्भुत आणि वास्तविक असा भेद करतानाही त्यांनी अद्भुताची चिकित्सा टाळली नव्हती. इतिहासकाराला जे कुतूहल होते ते पुढच्या कादंबरीकारांना का राहिले नाही?

याचे एक उत्तर बाहेरच्या दोन उदाहरणांतून मिळते. जॉर्ज इलियटने १८५६ साली स्त्री-कादंबरीकारांच्या भाबड्या प्रेमकादंबऱ्यांवर एक जळजळीत लेख लिहिला. तिची स्वतःची पहिली कथा छापली गेली ती त्यानंतर काही महिन्यांनी, १८५७ च्या जानेवारीत. लेखातील उपहास अस्सल आहे, पण तो पेरणीपूर्वीची नांगरट आहे. ग्रॅहम ग्रीनने आपल्या हेरकथांवर आणि थरारकथांवर ‘करमणूक’ असा शिक्का स्वतःच मारला आणि उरलेल्या पुस्तकांना ‘कादंबरी’ म्हटले. तीसच्या दशकात तो चित्रपटांवर साप्ताहिकांतून बेधडक मते देत होता, एका परीक्षणामुळे अब्रुनुकसानीच्या खटल्यातही सापडला. पुढे त्याने ती विभागणी सोडून दिली. आपल्याच कपाटातले दोन कप्पे वेगळे राहत नाहीत, हे त्याला लिहिता लिहिता उमगले असावे. आपल्याकडे असा कप्पा करणारे पुष्कळ. तो मोडणारे सुहास शिरवळकर एखादेच. त्यांनी मंदार पटवर्धन आणि दारा बुलंद यांच्या रहस्यकथा लिहिल्या आणि त्याच लेखणीने ‘दुनियादारी’ (१९८२) लिहिली. वाचकांना त्यात काही विसंगत वाटले नाही. अडचण समीक्षकांची झाली, आणि त्यांनी ती मौनाने सोडवली.

आता हेरपटाकडे वळू. हा प्रकार पाश्चात्त्य, बाँडछाप, आपल्या मातीत न रुजलेला, हा नेहमीचा शेरा. ‘मुद्राराक्षस’ या नाटकातील प्रत्येक दुसरे पात्र कोणाचा तरी हेर असते, हे संस्कृतचा अभिमान बाळगणारेही अशा वेळी विसरतात. बहिर्जी नाईकाशिवाय आपली शिवकालीन कादंबरी तर पुढे सरकतच नाही. मेघना गुलजार यांचा ‘राझी’ (२०१८) हा हरिंदर सिक्का यांच्या ‘कॉलिंग सेहमत’ या कादंबरीवरचा चित्रपट येथे विचारात घेण्यासारखा आहे. १९७१ च्या युद्धाच्या तोंडावर एक काश्मिरी मुलगी पाकिस्तानी लष्करी घराण्यात सून म्हणून जाते आणि तिथून बातम्या पाठवते. हेरकथेचा संकेत असा की गुपित शत्रूपासून राखायचे. प्रेमकथेचा संकेत असा की गुपित प्रिय माणसापासून राखले जाते आणि ते फुटते त्या क्षणी प्रेमाची कसोटी लागते. इथे शत्रू आणि प्रिय माणूस एकच आहे. त्यामुळे सासरच्या माणसांचा साधा चांगुलपणासुद्धा प्रेक्षकाला असह्य होतो. नव्या नवरीने सासरी सगळ्यांशी जुळवून घेत, मनातले मनात ठेवून वावरावे, ही आपल्या कौटुंबिक कादंबरीची ठरलेली परिस्थिती. ‘राझी’ने तिला हेरगिरीचे नाव दिले, आणि मग प्रत्येक सून थोडीफार हेरच असते की काय, ही शंका चित्रपटाने न बोलता जागी केली. ‘पठाण’ (२०२३) सारख्या चित्रपटात हे होत नाही. तिथे गुपित म्हणजे एक वस्तू, ती कोणाच्या हाती आहे एवढाच प्रश्न, आणि म्हणून तिथला प्रणय गाण्यापुरता उरतो. दोन्हींना ‘हेरपट’ म्हणून एकाच वाक्यात निकालात काढणारा कादंबरीकार स्वतःच्या कलेतला सर्वांत जुना प्रश्न, म्हणजे कोणाला काय ठाऊक आहे हा प्रश्न, नजरेआड करतो.

प्रणयकथेचे बारकाईने वाचन आपल्याकडे झाले ते बरेचसे न्यायालयात, हा एक विपर्यास. चंद्रकांत काकोडकरांची ‘शामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, काकोडकर दोषी ठरले, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. त्या निकालपत्रात कथानक तपशीलवार सांगितलेले आहे आणि कथा समग्रपणे वाचून मगच मत दिलेले आहे. वाङ्मयीन गुणवत्ता कमी असणे आणि अश्लील असणे हे प्रश्न तिथे वेगळे ठेवले गेले. काकोडकरांच्या कादंबऱ्यांविषयी ‘चावट’ या एका शब्दावर थांबणाऱ्या वाङ्मयीन वर्तुळापेक्षा न्यायमूर्तींची वाचनपद्धती अधिक शिस्तीची होती, असे नाइलाजाने म्हणावे लागते.

या सगळ्या चर्चेत ‘सामान्य वाचक’ नावाचे एक पात्र सतत वावरते. कादंबरीकार त्याच्या वतीने बोलतो, त्याची कीव करतो, प्रसंगी त्याचा हवाला देतो. १९७४ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इचलकरंजीला भरले, पु. ल. देशपांडे अध्यक्ष होते, आणि त्याच वर्षीचे ज्ञानपीठ वि. स. खांडेकरांना जाहीर झाले. ज्या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि नंतर अवघ्या गावाचा दिवस पाळ्यांत वाटला गेला, तिथे हा ‘सामान्य वाचक’ कल्पनेतला नाही. तो पाळी सुटल्यावर वाचतो. खांडेकरांची ‘ययाति’ आणि अर्नाळकरांचा झुंजार एकाच घरात, कदाचित एकाच पिशवीतून जात असतील, तर त्या दोन वाचनांचे परस्परांशी नाते काय, हा खरा समीक्षेचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मुलाखतीत मिळणार नाही. आपटे वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयांच्या देवघेवीच्या वह्या, पुस्तकांच्या मागे चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठ्या, पुन्हा पुन्हा बांधणी करून घ्यावी लागलेली पुस्तके, समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा : ही सामग्री आपल्या विद्यापीठीय प्रबंधांना अजून साहित्याच्या इतिहासाची साधने वाटत नाही. राजवाडे गावोगावची दप्तरे धुंडाळत हिंडले. कादंबरीच्या अभ्यासकाला त्यासाठी इचलकरंजीपर्यंतची एस.टी. पुरेल.