निजेत हिरवा, जागेपणी लाल

१८ ऑक्टोबर २०१३च्या ‘सायन्स’मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातल्या लुलु शिए, मायकन नेदरगार्ड आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. जेमतेम पाच पानांचा. त्यातल्या पहिल्या आकृतीइतका देखणा प्रयोग माझ्या वाचनात नाही.

उंदीर झोपलेला असताना मेंदूमागच्या द्रवात हिरवा रंग सोडला. अर्ध्या तासाने त्याची शेपटी हळूच हलवून त्याला जागं केलं आणि त्याच वाटेने लाल रंग सोडला. हिरवा रंग रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने खोलवर मुरला. लाल मात्र वरच्यावर थबकला. मेंदू तोच, बदलली ती फक्त जाग. आता शंका येते, हिरव्यानेच लालची वाट अडवली नसेल ना? म्हणून दुसऱ्या उंदरांत क्रम उलटवला: आधी जाग, मग झोपेऐवजी भूल. भूल चढताच द्रव पुन्हा आत शिरला. वाचकाच्या मनात शंका उमटण्याआधी तिची सोय करून ठेवणं, ही या निबंधाची खरी कारागिरी.

पुढे आकडे येतात. पेशींमधली मोकळी जागा जागेपणी मेंदूच्या १४ टक्के, झोपेत २३. गुरुग्रामच्या सायबर सिटीत अमेरिकेच्या घड्याळावर रात्र काढणारी नागपूर-अमरावतीकडची मुलंमुली मी रोज पाहतो, म्हणून असेल, हे दोन आकडे मला फार भिडतात.

झोपेत अल्झायमरशी जोडलेलं बीटा-अमायलॉइड दुप्पट वेगाने निघून जातं, हे निबंधाचं सर्वांत गाजलेलं विधान. पण इथे वीण सैल होते. पहिली आकृती दाखवते ते द्रव आत शिरणं. कचरा बाहेर पडणं नव्हे. अमायलॉइड मोजायला तर मेंदू बाहेर काढावा लागतो, म्हणजे दर मोजणीला उंदीर वेगळा. ‘तोच मेंदू’ ही खात्री इथे हातातून सुटते. २०२४मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या निक फ्रँक्स यांच्या गटाने उंदरांतच नेमकं उलट मोजलं: झोपेत आणि भुलीत रंगाचा निचरा मंदावतो. वाद अजून मिटलेला नाही. पहिल्या आकृतीचं मोल मात्र माझ्या लेखी तसूभरही घटत नाही.

गुरुग्राम जिल्ह्यातच, मानेसरला, राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे, एमआरआयची सोय आहे, आणि रात्रपाळी करणारी हजारो माणसं जवळच राहतात. झोपेत मेंदूतला कचरा खरंच वेगाने निघून जातो का, हा प्रश्न मानेसरच्या संशोधकांनी या माणसांसाठी हाती घ्यावा.