वावटळीपलीकडचा वारा

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’ने १९४८च्या जाळपोळीला वाऱ्याचे समर्थ रूपक दिले. मात्र आपली समीक्षा वारा बहुधा प्रतीक म्हणूनच वाचते. वावटळ शिवारात उठते, शिवारातच विरते. वाळवंटी वादळाची जात निराळी. तेथे वाळूचे जड कण उड्या घेत जमिनीवर आपटतात, त्या आघाताने सूक्ष्म धूळ सुटते आणि वारा तिला शेकडो मैल नेतो. जानेवारी २०२२मध्ये पाकिस्तानातून उठलेली अशी धूळ गुजरात ओलांडून मुंबईपर्यंत आली. वाटेवरच्या पलसाण्यात उघड्यावर राबणाऱ्याच्या छातीत शिरणारी धूळ रूपक नसते. तिचे यथातथ्य वर्णन करणारे मराठी गद्य विरळाच. प्रतीकाआधी पदार्थ पाहावा, ही अपेक्षा लेखकाइतकीच समीक्षकाकडूनही आहे.