साखळी आणि नकार

१

साखळी हा शब्द मराठीत दोन कामे करतो. मालाची साखळी असते आणि पायातलीही साखळी असते. गेल्या तीसेक वर्षांत जगभरच्या व्यवस्थापनशास्त्रात 'शाश्वत पुरवठा साखळी व्यवस्थापन' नावाची एक ज्ञानशाखा उभी राहिली आहे. कच्चा माल जिथून निघतो तिथपासून तो वस्तू होऊन गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंतची खरेदी, साठवण आणि वाहतूक निसर्गाला व समाजाला इजा न करता कशी चालवावी, हा तिचा विषय. तिच्यावर शेकडो निबंध लिहिले गेले. आता आपली मुलेही हा विषय शिकतात आणि परीक्षेत त्याच्या व्याख्या पाठ करून लिहितात. विषय मोठा आहे आणि हेतू वरकरणी निर्मळ आहे. म्हणूनच या वाङ्मयाची समीक्षा ओझे वाहणाऱ्यांच्या बाजूने होणे अगत्याचे आहे.

हे वाङ्मय कोणत्या जागी बसून वाचावे, यालाही महत्त्व आहे. मी ते धाकटी डहाणूच्या किनाऱ्यावरून वाचू पाहतो. डहाणूच्या खाडीलगतचे हे मच्छीमारांचे गाव. होडी लागते, मासळी उतरते, काही बर्फात जाते, काही मीठ लागून उन्हात पडते, बोंबील दोरांवर वाळत बसतात आणि बाई पाटी डोक्यावर घेऊन बाजाराची वाट धरते. पुस्तकातली साखळी ती हीच. मात्र पुस्तकात ही बाई नाही.

२

प्रथम या वाङ्मयाचीच साक्ष काढू. स्टीफन स्यूरिंग आणि मार्टिन म्युलर या दोन जर्मन संशोधकांनी २००८ मध्ये या क्षेत्राचा जो आढावा घेतला, तो आजही आधारभूत मानला जातो. १९९४ ते २००७ या काळातले १९१ निबंध त्यांनी तपासले. त्यांपैकी १४० पर्यावरणाविषयी होते, ३१ निबंधांत सर्व अंगांचा एकत्र विचार होता आणि केवळ सामाजिक प्रश्नाला वाहिलेले निबंध होते २०. धूर, पाणी, कचरा आणि कोळसा यांची मोजदाद झाली; माणसाची मोजदाद पुढे कधीतरी होणार होती. संशोधकांनी ही उणीव स्वतःच नोंदवली, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण त्यांची व्याख्याही पाहिली पाहिजे. साखळीने आर्थिक, पर्यावरणीय आणि सामाजिक अशी तिन्ही उद्दिष्टे सांभाळावीत, असे ती सांगते. आणि ही उद्दिष्टे ठरतात कशावरून, तर गिऱ्हाइकाच्या आणि हितसंबंधीयांच्या अपेक्षांवरून. ज्याच्या हाती पैसा आहे त्याची अपेक्षा कंपनीला ऐकू येते. ज्याच्या डोक्यावर पाटी आहे त्याची अपेक्षा कोणत्या खात्यावर मांडायची?

नफा, निसर्ग आणि माणूस असा तिहेरी ताळेबंद मांडण्याची कल्पना जॉन एल्किंग्टन यांनी १९९४ मध्ये पुढे आणली होती. २०१८ मध्ये त्यांनीच ती जाहीरपणे फेरविचारासाठी परत मागवली. भांडवलशाहीचा मुळातून विचार व्हावा म्हणून काढलेली कल्पना निव्वळ हिशेबाचे हत्यार होऊन बसली, ही त्यांची खंत. त्याआधी २०१४ मध्ये मार्क पॅगेल आणि अँटोन शेव्हचेन्को यांनी तर या संशोधनाला भविष्य असूच नये, असा मथळा देऊन निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, संशोधक सतत विचारतात, नफा राखून इजा कमी कशी करता येईल? खरोखर इजा न करणारी साखळी कशी असेल, हे कोणी विचारत नाही. आणि ज्यांचा कंपनीशी पैशाचा व्यवहार नाही त्यांचे म्हणणे दुय्यम ठरते.

घरातूनच आलेली ही टीका मोलाची आहे. पण तीही एका उंबरठ्याशी थांबते. या वाङ्मयाच्या शब्दसंग्रहात साखळी तुटणे या घटनेला एकच रकाना आहे: जोखीम. वादळ आले, जोखीम. पूल कोसळला, जोखीम. हमालांनी संप केला, तीही जोखीमच. जो ओझे वाहतो त्याने ते खाली ठेवणे म्हणजे निर्णय असू शकतो, न्याय असू शकतो, याला तेथे शब्द नाही. आपल्या साहित्याला तो शब्द ठाऊक आहे. तो शब्द म्हणजे नकार.

३

'शाश्वत' हे विशेषणही जरा घासून पाहू. जे टिकते ते चांगले, असे त्यात गृहीत आहे. या देशात सर्वांत जास्त टिकलेली पुरवठा साखळी कोणती? बलुतेदारी. आजचे निकष लावले तर तिला पहिला वर्ग द्यावा लागेल. माल गावातला, वाहतूक पायी, इंधनाचा धूर नाही, वाया जाणारे काही नाही. मेलेल्या गुराचे मांस, कातडे, हाड यांतले काहीही फुकट जात नव्हते. ज्याला आज 'चक्राकार अर्थव्यवस्था' म्हणून गौरवतात ती हीच. फक्त ते गूर ओढून नेणारा महार, कातडे कमावणारा चांभार आणि दोर वळणारा मांग यांना त्या साखळीतून बाहेर पडायची मुभा नव्हती. कामाची वाटणी वेगळी आणि काम करणाऱ्या माणसांनाच उतरंडीने वाटून टाकणे वेगळे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या आपल्या जातिसंस्थेवरील निबंधात दाखवून दिले. पुरवठा साखळीचे शास्त्र पहिली गोष्ट शिकवते आणि दुसरीकडे पाठ फिरवते.

ही साखळी तुटली कशी? मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मेलेली गुरे ओढू नका, मृतमांस खाऊ नका, असे आवाहन झाले आणि गावोगाव माणसांनी हात आखडला. गावाच्या दृष्टीने तो 'पुरवठ्यातील व्यत्यय' होता. बहिष्कार आले, मारहाण झाली. आमच्या दृष्टीने तो माणूसपणाचा प्रारंभ होता. एकच घटना, पण तिचे मोल मोजणारा कुठे उभा आहे त्यावर सारे अवलंबून. ज्या शास्त्राला या घटनेत केवळ जोखीम दिसते, त्या शास्त्राने समाज हा शब्द आपल्या व्याख्येत घालू नये.

४

आता पुन्हा डहाणूकडे येऊ, कारण या भागावर लिहिलेला पुरवठा साखळीचा उत्तम अभ्यास मराठीतच आहे. त्याच्या लेखिकेने हा शब्द वापरला नाही आणि व्यवस्थापनाच्या वर्गात ते पुस्तक कोणी लावत नाही, एवढेच. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे १९७० मधले पुस्तक. १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते चळवळीची आठवण म्हणून वाचले जाते. ते मालाच्या प्रवासाचा अभ्यास म्हणूनही वाचावे, अशी माझी सूचना आहे.

डहाणू-तलासरीच्या जंगलातले लाकूड आणि माळावरचे गवत मुंबईकडे जाई. शहराच्या गोठ्यांत जनावर गवत खाई तेव्हा त्या पेंढीमागे एक वारली असे. कित्येकदा तो लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्माचा गडी झालेला असे. त्याला 'लग्नगडी' हे नावच होते. कर्ज त्याचे, पण राबणारी दोघे: तो आणि त्याची बायको. १९४५ मध्ये किसान सभेच्या लाल बावट्याखाली वारली उभे राहिले. वेठ बंद झाली. मग प्रश्न आला मजुरीचा, आणि मागणी पुढे आली ती अशी: ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. या मागणीचे वैशिष्ट्य पाहा. तिच्यात वजन आहे, दर आहे आणि तो मिळेपर्यंत विळा खाली ठेवण्याची तयारी आहे. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे गोळीबार झाला आणि पाच आदिवासी मारले गेले. तरी विळा खालीच राहिला.

स्यूरिंग-म्युलर यांच्या १९१ निबंधांशेजारी हे एक पुस्तक ठेवावे. तिथे सामाजिक अंग तिसरे आणि दुबळे आहे. इथे तेच पहिले आहे, आणि मालाची साखळी त्याच्या उजेडात दिसते. मर्यादा इथेही आहेत. लेखिका बाहेरून आली होती आणि वारल्याची भाषा तिच्या भाषेतून आपल्यापर्यंत पोचते. वारली बाईने स्वतः लिहिलेला गवताचा हिशेब आपल्याला अजून वाचायला मिळालेला नाही. ही उणीव आपली आहे, तिची नव्हे.

५

२० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आणि उद्योगांना कमाल ५०० एकरांची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राने धुरातला गंधक शोषणारी यंत्रणा बसवावी, असा आदेश या प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला. ती चालू व्हायला २००७ साल उजाडले. म्हणजे इथे जे काही 'शाश्वत' घडले ते कंपनीच्या धोरणपत्रिकेतून घडले नाही. लोकांची याचिका, न्यायालयाचा आदेश आणि त्यानंतरचा आठ वर्षांचा पाठपुरावा, एवढे त्याला लागले.

१९९८ मध्ये याच प्राधिकरणाने वाढवणच्या बंदराला नकार दिला होता. ३१ जुलै २०२३ रोजी, धर्माधिकारींच्या पश्चात, प्राधिकरणाने त्याच जागेच्या बंदराला अटींसह परवानगी दिली. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पायाभरणी झाली. समुद्रात भर घालून १,४४८ हेक्टर जमीन करायची, वर्षाला २९ कोटी ८० लाख टन माल हाताळायचा, आणि सुमारे १० लाख लोकांना रोजगाराची शक्यता, असे सरकार सांगते. बंदर 'हरित' होणार, असेही सांगितले जाते. वाढवण, वरोर, धाकटी डहाणूचे मच्छीमार म्हणतात: 'एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द.'

संशोधनाच्या भाषेत हे मच्छीमार 'हितसंबंधी' आहेत. हितसंबंधीयाशी सल्लामसलत होते, सुनावणी होते, त्याला भरपाई ठरते. त्याच्या 'नाही'ला मात्र रकाना नसतो. भर पडलेल्या समुद्रात जाळे टाकता येत नाही, आणि जिथे मासळी अंडी घालते ती जागा उचलून दुसरीकडे नेता येत नाही. शिवाय या किनाऱ्यापुढे एक उदाहरण आहे. १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवला गेला. त्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशके लोंबकळत राहिला. ते बंदर कार्यक्षमतेचे उदाहरण म्हणून अभ्यासले जाते. त्या कोळीवाड्याचा धडा त्याच पुस्तकात का असू नये?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आपल्यातूनच येईल. तलासरीचा शिकलेला आदिवासी तरुण विचारेल, नोकरी आली तर तुम्ही का अडवता? त्याचा प्रश्न रास्त आहे. त्याला जंगल-समुद्राच्या काव्यावर जगता येत नाही. पण त्यानेही विचारावे की, १० लाखांपैकी त्याच्या वाट्याची नोकरी कोणती: क्रेन चालवण्याची, की फाटकावर उभे राहण्याची? ती कायम आहे की ठेकेदाराची? १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला तो याचसाठी, की ओझे वाहणाऱ्याला मालक बदलला तरी मजुरीची आणि निधीची हमी राहावी. त्या हमीचे काय, हे विचारल्यावाचून होकारही खरा नसतो. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या 'हो'ला किंमत किती?

६

आता आपल्या किनाऱ्याचीही झाडाझडती घेतली पाहिजे. एरवी ही समीक्षा दुसऱ्यांपुरती राहील. डहाणू-तलासरीचे आदिवासी तरुण खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातात. त्या बोटींची मासळी परदेशी बाजारापर्यंत पोचते. समुद्रावरची हद्द ओलांडली म्हणून बोट पकडली जाते तेव्हा कराचीच्या मलीर तुरुंगात जाणाऱ्यांत हे खलाशी असतात. दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. त्या याद्यांकडे डोळे लावून इथल्या पाड्यांत बायका बसतात. खलाशाने उचल घेतलेली असते. बोट कुठे न्यायची, हे तो ठरवत नाही. उचल फिटेपर्यंत 'मी येत नाही' असे त्याला म्हणता येत नाही. लग्नगड्याच्या कर्जाची आठवण इथे झाल्यावाचून राहत नाही.

निर्यातीच्या मासळीच्या पेटीवर आज बर्फाचे तापमान लिहिलेले असते आणि पकडीची जागा लिहिलेली असते. खलाशाची उचल लिहिलेली नसते. साखळीचा माग काढण्याचे शास्त्र एवढे पुढे गेले आहे की मासा कोणत्या पाण्यातला ते कळते. तो पकडणारा माणूस कोणत्या कर्जातला, ते मात्र कळत नाही. आणि किनाऱ्यावरचे आपण, मच्छीमार असू किंवा कार्यकर्ते, आदिवासी खलाशाचा प्रश्न हा आपल्या बंदरविरोधाचा भाग मानतो का? मानत नसू, तर आपल्याही साखळीत एक कडी मुकी आहे.

म्हणून या वाङ्मयाला एक कसोटी लावावी असे मला वाटते. साखळी किती धूर सोडते, हे जरूर मोजा. पण त्याआधी विचारा: तिच्या सर्वांत खालच्या माणसाला ओझे खाली ठेवता येते का, आणि त्याने ते ठेवले तर वरच्यांना आपला मार्ग बदलावा लागतो का? बलुतेदारी या कसोटीला उतरत नाही. लग्नगड्याचे गवत उतरत नाही. खलाशाची मासळी उतरत नाही. वाढवणचे बंदर उतरते की नाही, याचा पुरावा कागदावरच्या हिरव्या शिक्क्यात सापडणार नाही; धाकटी डहाणूच्या 'नाही'चे पुढे काय झाले, त्यात तो सापडेल.

डहाणू, तलासरी आणि पालघरच्या महाविद्यालयांत जे विद्यार्थी हा विषय शिकतात, त्यांना एक काम सुचवतो. प्रकल्पासाठी परगावच्या कंपनीचा अहवाल उतरवून काढू नका. एक बोंबील घ्या आणि होडीपासून ताटापर्यंत त्याच्या मागे जा. वाटेत जेवढी माणसे भेटतील त्यांना ओझे किती, दर किती आणि उचल किती, हे तीन आकडे विचारा. मग चौथा प्रश्न विचारा: उद्या नाही म्हटलेत तर काय होईल? त्या उत्तरांची एक वही भरली तरी मराठीत या विषयाचे पहिले खरे पाठ्यपुस्तक तयार होईल.