कापूस, कथा आणि छातीचा भाता

अंबाजोगाईच्या दासोपंतांची पासोडी ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस तिचें निराळें वर्णन करावयास नको. सुमारें चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा सुती कापडावर त्या पुरुषानें सबंध ‘पंचीकरण’ लिहून काढलें. कापसावर वेदान्त लिहिणारी ही आमची मराठी; परंतु कापसानें माणसांच्या छातींत काय लिहून ठेविलें आहे तें वाचण्याची तिला फारशी सवय नाहीं, अशी आमची तक्रार आहे.

या तक्रारीचें मूळ एका शेजाऱ्याच्या ओसरीवर आहे. हे गृहस्थ तरुणपणीं मुंबईस जाऊन एका गिरणीच्या पिंजण खात्यांत वीस-बावीस वर्षें राबले आणि १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर बीड जिल्ह्यांतील आपल्या गांवीं परतले. त्यांच्या धापेस घरचे लोक ‘तंबाखूचा दमा’ म्हणत. ते स्वतः मात्र एवढेंच सांगत कीं, “रविवारची सुट्टी झाली म्हणजे सोमवारीं छाती आवळून येई; मंगळवारीं बरें वाटे.” वैद्यकास हें वाक्य चांगलें ठाऊक आहे. ज्यास बिसिनोसिस म्हणतात, त्या कापूसधुळीच्या रोगाची ओळख ह्याच सोमवारावरून पटते. सिलिकोसिस किंवा ॲस्बेस्टॉसिस क्ष-किरणांच्या चित्रांत आपली खूण ठेवितो. बिसिनोसिसची तशी खास खूण चित्रांत उमटत नाहीं. येथें पुरावा म्हणजे रोग्याची हकीकत, म्हणजेच कथा! आणि कथेचें मूल्यमापन हा तर आम्हां टीकाकारांचा धंदा.

गिरणगांवावर मराठींत थोडें लिहिलें गेलें आहे असें नाहीं. मामा वरेरकरांची ‘धांवता धोटा’ ही कादंबरी, नारायण सुर्व्यांची कविता, जयंत पवारांचें ‘अधांतर’ (१९९७) हें नाटक, यांचा मोठेपणा आम्हांस मान्य आहे. परंतु या परंपरेंत मध्यभागीं उभे असतात ते संप, बेकारी आणि मोडलेलें घर. संपास आरंभ आहे, शेवट आहे, त्यांत टाळ्यांची जागा आहे. धुळीच्या रोगास यांतलें कांहींच नाहीं. तो वीस वर्षें मुरतो आणि उघडा पडतो तो बहुधा कामगार हजेरीपटावरून उतरून गांवीं गेल्यावर. क्षयाचें तसें झालें नाहीं. त्यानें झिजणारी नायिका आमच्या कथाकारांस फार आवडे. कापसाच्या तुसानें धापणारा म्हातारा कोणास आवडावा?

तपशिलाचें वावडें हें दुसरें कारण. धोटा आमच्या लेखकांच्या परिचयाचा आहे. पण त्यांत दोरा तोंडानें ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाच्या सबबीवर विणकाम खात्यांतून अस्पृश्य कामगारांस दूर ठेवीत. १९२८ च्या संपांत डॉ. आंबेडकरांनीं हा प्रश्न मांडला. कोणाच्या वांट्यास कोणतें खातें येई आणि कोणत्या खात्यांत धूळ किती, हे दोन प्रश्न शेजारीं शेजारीं ठेवून पाहणारी कादंबरी आमच्या पाहण्यांत नाहीं. त्या मानानें मीना मेनन व नीरा आडारकर यांनीं जमविलेलें ‘कथा मुंबईच्या गिरणगांवाची’ हें पुस्तक आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. कारण तेथें कामगार स्वतः बोलतो.

हा वाद केवळ अभिरुचीचा नाहीं. त्या शेजाऱ्यानें एकदां आमच्याकडून भरपाईचा अर्ज लिहून घेतला. लेखक म्हणून आमची ख्याती! आम्हीं ‘दीर्घ व निष्ठापूर्वक सेवा’, ‘जर्जर देह’ इत्यादि शब्दांनीं दोन पानें सजविलीं. खात्याचें नांव घातलें नाहीं, वर्षें मोघम घातलीं, आणि सोमवार तर सुचलाच नाहीं. अर्ज फेटाळला गेला. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टांत पुढें बिसिनोसिस व ॲस्बेस्टॉसिस यांचीं नांवें दाखल झालीं होतीं, हें आम्हांस तो वारल्यावर कळलें.

सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं ॲस्बेस्टॉसच्या कामगारांविषयीं निर्णय देतांना, प्रत्येकाच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षें किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षें, यांतील जी मुदत नंतर संपेल तोंवर जपावी, असें बजाविलें. मुदत इतकी लांब, कारण रोगहि तितकाच उशिरां येतो. तथापि मुंबईच्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यांतील कामगारांस डॉक्टरांनीं तपासलें, तेव्हां शेंकडा वीसहून अधिकांस तो रोग आढळला. ती पाहणी २००५ सालीं प्रसिद्ध झाली. राजस्थाननें २०१९ सालीं धुळीच्या फुप्फुसरोगांसाठीं स्वतंत्र धोरण आंखलें.

आमच्या जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर त्याच परिशिष्टांत ‘बॅगॅसोसिस’ असें आणखी एक नांव होतें. उंसाच्या चिपाडाचा ढीग कुजला, बुरशी आली, कीं त्याच्या धुळीनें होणारा हा फुप्फुसांचा विकार. हजारों ऊंसतोड्ये जेथून दर हंगामास बाहेर पडतात आणि जेथें साखरकारखानेहि आहेत, त्या बीडमध्यें हा शब्द किती वाचनालयांत उच्चारला गेला असेल? अंबाजोगाईस १९७४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. ग्रंथालयें आहेत, व्याख्यानमाला आहेत. एखाद्या मंडळानें उत्सवी कविसंमेलनाऐवजीं एक वर्ष जिनिंगच्या, खडीच्या व चिपाडाच्या धुळींत राबलेल्यांच्या हकीकती उतरून घ्याव्या: कोणतें काम, किती वर्षें, कोणत्या वारीं धाप जास्त. भाषा त्यांचीच ठेवावी. अलंकार आम्हीं एकदां वापरून पाहिले आहेत.